दोन बॅटऱ्या

परतवाड्याहून धारणीकडे निघालं
की घाट लागण्याआधी डावीकडे आमचं मिशन कंपाउंड.
मे महिना. कूलरच्या वाऱ्यानं अर्ज उडतात,
म्हणून त्यांवर मी वरवंटा ठेवलाय.

तेरा प्रश्न आहेत.
नाव, गाव, मंडळी,
आधी कुठं काम केलं, ते का सोडलं,
तुम्हाला ओळखणारी दोन माणसं, नात्यातली नकोत,
आणि ठाण्याचा दाखला.

अब्नेरमामा खंडारे बावीस वर्षं शिबिरात पेटी वाजवतात.
त्यांनी अर्ज वाचला नाही. घडी केली,
घडीची आणखी एक घडी केली.
"काहून व पोरी, देवाच्या घरात पोलिसाचा कागद?
मले ओळखत नाई का तू?
तुह्या बाप्तिस्म्याले गायलो मी."

ओळखते, मामा.
त्या वर्षीही सगळे त्याला ओळखत होते.

मी नऊ वर्षांची, मेल्बा दहाची.
तिसऱ्या दिवसापासून मेल्बा गायची थांबली.
बायका म्हणाल्या, घरची आठवण येत असंल,
तिच्या ताटात गुळाचा जास्तीचा खडा पडायचा.
ती तो रुमालात बांधून ठेवायची, मुंग्या यायच्या.
खोटं कुणीच बोललं नाही.
विचारलंही कुणी नाही, मीसुद्धा नाही,
आणि आमच्या दोघींच्या सतरंज्या शेजारी होत्या.

आता ती अकोल्याला नर्स आहे.
दर एप्रिलात फोन करते, इकडचं तिकडचं नाही,
"पोरांना झोपवता कुठं?"

हे मी मामांना सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, या गठ्ठ्यात माझाही अर्ज आहे,
पाळकसाहेबांचाही आहे.
मामा पेटीला हात न लावता गेले.

दुपारी हॉलमध्ये अकरा जण, पंखा एक.
एलीशेबावहिनी लहान पोर झाली,
ओढणीचं टोक चावत म्हणाली,
"सर, एक सांगू? पण कोणाले सांगू नोका."
नथानिएल उमाळे, बी.एस्सी. दुसरं वर्ष, भला मुलगा,
चटकन म्हणाला, "नाही सांगणार, प्रॉमिस."
मी थांबवलं. पुन्हा.
पुन्हा तेच.
आम्हाला लहानपणापासून वचन देणंच शिकवलेलं,
ते न देणं जिभेला जमेना.
पाचव्या वेळी तो अडखळत म्हणाला,
"तू सांगतोयस ते बरं झालं.
पण मला हे मोठ्या ताईंना सांगावं लागंल."
वहिनीनं ओढणी तोंडातून काढली.
थोडा वेळ ती पोरच राहिली.

संध्याकाळी सुतार आला.
पेटीच्या खोलीची आतली कडी त्यानं काढली,
म्हणाला, "चांगली हाय की, पितळी!"
मी म्हटलं, तुम्हीच घेऊन जा.

अब्नेरमामा चौथ्या दिवशी आले,
अर्ज घड्यांसकट भरलेला, जांभळी शाई.
ठाण्याच्या दाखल्याला आणखी आठ दिवस.
शिबिर परवा.
"म्हंजे यंदा नाई," ते म्हणाले. मी नाही म्हटलं नाही.
"बरं. मोहाखालची झाडझूड करतो आज,
पोरं यायच्या आधीच जाईन मी."
खराटा त्यांनी स्वतःच शोधला.

पहिल्या रात्री दीड वाजता
सेमाडोहचा सुखलाल बेठेकर उठला, सात वर्षांचा,
एक बोट वर करून नुसता उभा.
नथानिएल उठला. त्यानं उमेशला हलवलं.
दोघं निघाले, दोन बॅटऱ्या, मधे सुखलाल,
त्याची चड्डी ढगळ, एका हातात धरलेली.
एवढ्याशा मुतारीला एवढी वरात, म्हणून तो हसत होता.

मी व्हरांड्यात जागी होते.
समोर पेटीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं,
कडी होती तिथं स्क्रूची चार भोकं.
सकाळी मेल्बाला फोन करायचाय.
यंदा तिच्याआधी.