झारा धरणारा हात

दुखायला हवा होता उजवा.
उजवाच तर राबतो:
बेसनाचा गोळा तळव्याच्या टाचेनं
झाऱ्यावर घासतो, पुढे, पुढे, पुढे,
आणि खाली कढईत
लवंगेच्या वासाची शेव फुलत जाते.
सव्वीस वर्षं. लोकमान्य नगर, मागची खोली,
सकाळी नऊपासून
मल्हारगंजच्या दुकानाचा पोरगा येईपर्यंत.

दुखला डावा.
कोपराच्या बाहेरच्या अंगाला, हाडाच्या टोकावर,
रुपयाएवढी जागा.
आधी टॉवेल पिळताना,
मग बरणीचं झाकण फिरवताना,
मग एका सकाळी चहाचा कपसुद्धा
भरल्या घागरीसारखा जड झाला
आणि बशीत परतला.

इंदूरात दुखणं गुपित राहत नाही.
पोहेवाला म्हणाला, भाभी, निर्गुडीचं तेल.
समोरच्या टेंबेकाकूंनी आंबेहळद उगाळून पाठवली.
जावेनं कोपरखळी मारली, "आता तरी बंद करा ही दुकानदारी,"
दुसऱ्या कोपराला मारली, तेवढी ती चांगली.
गल्लीतल्या पहिलवानानं मालिश केली.
त्याला मी कोपरापासून नमस्कार केला,
एकाच कोपरापासून;
दुसरं वाकेना.

एमवायमध्ये फोटो काढला. हाड शाबूत.
तिथून पाठवलं फिजिओकडे,
तनिष्का पोरवाल, माझ्या भाचीच्या वयाची.
"आंटी, याला टेनिस एल्बो म्हणतात."
मी म्हटलं, बाई गं, जन्मात एकच चेंडू मारला,
लगोरीचा,
आणि तोही चुकला.

हसली नाही. माझं मनगट वर उचलायला लावलं
आणि वरून दाबलं.
कोपरात वीज.
"बघा, दुखतं इथे, पण ओढ तिथून येते.
मनगट उचलणारी दोरी इथे येऊन बांधलेली असते.
इतकं घट्ट काय धरता तुम्ही?"

मी हवेत झारा धरून दाखवला.
उजव्यानं हवेचं पीठ घासलं.
आणि पाहिलं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा:
डावा काहीच करत नव्हता.
फक्त हलू देत नव्हता.
उजव्याचा एकेक धक्का गिळत
दांडी आवळून उभा.
कौतुक सगळं उजव्याचं. शेवसुद्धा
"तुमच्या उजव्या हाताची चव" म्हणून खपते.

आता दांडीला जुन्या सुती लुगड्याचा जाड वेढा दिलाय,
मूठ तेवढी कमी आवळावी लागते.
कढईवर लोखंडी घोडी बसवलीय, झारा तिच्यावर टेकतो.
दर घाण्याला हात सोडायचा.
आणि संध्याकाळी व्यायाम:
हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, मुठीत अर्धा किलो.
अर्धा किलो म्हणजे आमचंच पाकीट, लवंगशेव, मध्यम तिखट.
वर चढवायला दुसऱ्या हाताची मदत घ्यायची.
उतरवायचं मात्र एकट्यानं.
हळू. आणखी हळू.
"दोन-तीन महिने लागतील," तनिष्कानं आधीच सांगितलं.
कोपराला गूळ लावला नाही पोरीनं.

हे समोर बसून मोजतात.
सिंचन खात्यातून निवृत्त, आकड्यांत चोख.
तेलाचा पंधरा किलोचा डबा मी कढईत ओतते
तेव्हा खालून धरतात ते हेच.
धरतात म्हणजे काय, करत काहीच नाहीत,
असं परवापर्यंत मी
येईल त्याला सांगत आले.

बारा झाले.
पाकीट ठेवलं. मूठ उघडली.
बोटं एकेक करून सरळ झाली,
जरा उशिरानं, काही आठवत असल्यासारखी.
"तुमचं काही दुखतं का हो?"
"छे."
पाकिटाचा चुरगळलेला कोपरा
अंगठ्यानं सपाट करत राहिले.
मग, तेरावा आकडा मोजावा तसं:
"खांदा.
पण ते जुनं आहे."