पाचवी बादली

राकसकोपचं पाणी आलं पहाटे साडेचारला,
पाच दिवसांनी.
नळानं आधी घसा खाकरला, लाल थुंकला,
मग धार धरली.
शरयूनं पिंपं भरली, हंडे भरले, कुकरसुद्धा भरला
आणि पायरीवर पाच बादल्या मांडून म्हणाली,
"ह्या तुझ्या गाडीला. सहावी मागायची नाही."

सँट्रो रात्रभर उभी होती. गार.
बॉनेटवर तळवा ठेवून बघितला,
तरी टोपणापाशी बोटं थबकली.

दोन वर्षांमागं, चोर्ल्याच्या घाटात
काटा लालवर गेला तेव्हा मला धीर नव्हता.
साखळीला मावसबहिणीचा साखरपुडा,
मागं ट्रकांचे भोंगे.
मी म्हटलं, फडकं धर.
तिनं धरलं.
मी टोपण फिरवलं.
तिच्या मनगटावर तेव्हापासून एक गुळगुळीत डाग आहे,
बांगडी तिथं जरा जास्तच घसरते.
मग ओढ्याचं पाणी ओतलं, बाटलीबाटलीनं,
आणि आजपर्यंत त्याच पाण्यावर हिंडलो.

"काय करालायसा?"
कंपाउंडावरून इराप्पा हुक्केरी, ब्रश तोंडात.
बस डेपोत चौतीस वर्षं बॉनेटखाली वाकलेले.
"कूलंट बदलतोय."
"गार झालंय न्हवं इंजिन? आरलि बिडरी."
अर्धं कन्नड, अर्धं मराठी, मध्ये फेस,
तरी कळलं. निवू दे म्हणत होते.

पोत्यावर उताणा झोपून रेडिएटरचा प्लग सैल केला.
आलं ते हिरवं नव्हतंच.
चहा उकळत ठेवून विसरावा तसला रंग,
वास मात्र गोडूस,
आणि परातीच्या तळाला चिमूटभर बारीक वाळू.
ओढ्याची.
शरयूनं ती बघितली. काही बोलली नाही.

इराप्पांनी भिंतीवरून रंगाचा रिकामा डबा दिला.
"ह्यात भरा. गटारीत सोडू नका.
डेपोत आमचं एक कुत्रं होतं, गोड लागलं म्हणून प्यालं."
पुढचं सांगितलं नाही. चूळ भरली.

पहिली बादली ओतली. इंजिन चालू,
हीटर पूर्ण गरमवर, एप्रिलच्या अनगोळात.
वरच्या पाइपावर हात ठेवून उभा राहिलो.
गार. गार. अजून गारच.
मग आत कुणीतरी दार उघडल्यासारखा
एकदम तापला.
बंद केलं. आणि बसलो.
हे काम म्हणजे बहुतेक बसणंच आहे,
हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

इराप्पांच्या घरातून गिरमिट आलं.
दुसरी बादली चहा निघाली, तिसरी पातळ चहा.
दरवेळी वाट बघायची,
दरवेळी माझा हात टोपणाकडं जायचा
आणि भिंतीपलीकडून खोकला यायचा.
चौथी तांदळाच्या धुवणासारखी.
पाचवी उतरली तेव्हा
परातीच्या तळावरचं, आजीनं कोरून घेतलेलं
आजोबांचं नाव वाचता आलं.

मग हिरवं अर्धं, बॅटरीवाल्याकडचं पाणी अर्धं.
मोजायला स्वयंपाकघरातलं लिटरचं माप.
"ते आता परत आत येणार नाही," शरयू म्हणाली,
"आणि ते माझं होतं."
मी पाइप दाबत राहिलो,
बुडबुडे एकेक करून वर येत राहिले.
"गाळि होगलि," इराप्पा म्हणाले.
हवा जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी मी दाढी करत होतो,
बाहेर बॉनेटचा आवाज झाला.
खिडकीतून बघितलं:
शरयू एकटी, फडकं न घेता,
टोपणावर त्याच हाताचा पंजा,
जरा वेळ तशीच.
मग फिरवलं.
काही झालं नाही. सकाळ होती, गार होती.
तिनं आत वाकून बघितलं
आणि मला ऐकू येईल एवढ्यानं म्हणाली,
"दोन बोटं उतरलंय. माप आण."