न्यूट्रल

फिजिओ म्हणाली, डाव्या हातात काहीतरी गोल द्या.
पिवळा रबरी चेंडू दिला. बाबांनी तो
तीनदा पलंगाखाली घालवला,
चौथ्यांदा माझ्याकडे नुसतं बघितलं.

म्हणून मी रात्री साडेदहाला, बिल्डिंगखाली,
वॉचमन ढवळ्यांची बॅटरी उसनी घेऊन
सोसायटीच्या तिसऱ्या नोटिशीसकट
कव्हर उचलून आत शिरले.
लाल गाडी. दोन दारं, दोन सीटा.
आई म्हणायची, ह्या माणसाने हिशेबच दोघांचा केला होता,
तू आलीस आणि आमची रिक्षा सुरू झाली.

वागळे इस्टेटचा नाझिम फोनवर:
झगा वर ओढा, खाली चेकनट दिसेल, सतराचा पाना.
मग नॉब फिरवा, बरणीच्या झाकणासारखा.
सरळ आटा आहे, ताई. घाबरू नका.

नट सुटला.
नॉब नाही.
दोन्ही हातांनी धरला, डॅशबोर्डला गुडघा लावला,
अख्खी गाडी माझ्यासोबत हलली, तो जागचा हलेना.
मग आत अराल्डाइट असणार, नाझिम म्हणाला,
साहेबांना खडखड चालायची नाही. शेकवा.

ढवळ्यांच्या केबिनमधून वायर ओढून
हेअर ड्रायर लावला. दहा मिनिटं.
जळक्या गोंदाचा वास, त्याखाली
बाबांनी केव्हाच सोडलेल्या सिगारेटी.
शेकता शेकता बोटांनी वाचत बसले:
एक ते चार पुसट, पाच कोरा करकरीत,
घोडबंदर रोडला पाचवा लागणार कधी?
पहाटे गायमुखच्या वळणांना तिसरा.
उजव्या अंगाला एक खळगा,
माझा अंगठा त्यात सैल पडला.

कर्र.
एक आटा. मग बाकीचे सगळे
आपणहून.

उघडा दांडा बघवेना.
खिशात चेंडू होताच. ब्लेडने चिरला, वर बसवला.
ढवळे बॅटरी परत घेत म्हणाले,
बरा दिसतो. चोर आला तर हसून जाईल.

वर आले. बाबांच्या तळव्यात नॉब ठेवला,
एकेक बोट मिटवलं. करंगळी दोनदा उघडली.
मग दिवा घालवायला वळले तेव्हा
चादरीवर हात हलला,
डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे,
अर्धा इंच असेल.
कापूरबावडीच्या सिग्नलला ते असंच हलवून बघायचे,
क्लचवरचा पाय काढायच्या आधी.