परीक्षेची केस

वर्षातनं दोनदा मिरजेहून फोन येतो,
"मगदूम मावशी, सोमवारी या. नाष्टा इथंच आहे."
मग मी आरगची पहिली एसटी धरते,
पानमळ्यात त्या दिवशीचा खाडा.
एसटीचं भाडं, चहा, उप्पीट, पाकिटात तीनशे.

कॉट नंबर चार. अंगावर हिरवी चादर.
माझी झडप पुस्तकातल्यासारखी बिघडलीय म्हणे,
हुबेहूब.
पोरं येतात, हात बर्फागत, कपाळ घामेजलेलं.
एकानं तर नळ्या कानात उलट्याच घातल्या.
पहिल्या वर्षी मी अंग चोरून पडले होते,
लाज वाटत होती, रागही येत होता.
सहा जणांनी छाती ऐकली,
नाव कागदावरनं वाचलं.

पुढं पुढं कणव यायला लागली.
खुडायला शिकणारी पोर
पहिल्यांदा देठ चुकीचाच तोडते,
वेल काय बोलत नाही.
मी मात्र बोलते. सरांची पाठ फिरली की
कुजबुजते,
"डाव्या कुशीवर घे मला. खाली ऐक, काखेकडं.
मायट्रल म्हण.
लहानपणी सांधे सुजले होते, तेपण सांग."
अकरा वर्षांत किती डॉक्टर पास केले!
पानांसारखे मोजायला बसले
तर निम्मी कवळी भरेल.

यंदा रोशनी पाडवी आली, नंदुरबारकडची.
आधी तळहात चोळून गरम केले.
मी तोंड उघडलं तर म्हणाली,
"मावशी, सांगू नका. मला ऐकू दे."
ऐकलं.
मग म्हणाली, उठून बसा. पुढं वाका.
श्वास सोडा. आता थांबा.
असं मला कुणी वाकवलं नव्हतं कधी.
मी थांबले, तीही थांबली.
पुन्हा ऐकलं.
नंतर चादर नीट केली माझ्या खांद्यावर,
पण माझ्याकडं बघितलं नाही.

सर आले. सरांनी ऐकलं,
घंटा वाजली तरी ऐकतच राहिले.
मग दोघं खिडकीशी जाऊन इंग्रजीत बोलले.
त्यातलं 'न्यू' एवढंच मला उमगलं.
पलीकडच्या कॉटवरचा प्लीहावाला म्हातारा
उप्पीट खायचा थांबला होता.

ती विसरलेलं पेन घ्यायला परत आली
तेव्हा मी तिच्या कोटाची बाही धरली.
"पोरी, एवढ्या जणांना मी उत्तर सांगितलं.
आज माझा पेपर आहे.
हळूच सांग,
सर बघत नाहीत."