नंतर

तारामुंबरीच्या खाडीकडे तोंड करून सोसायटीचं ऑफिस,
आणि त्यात तो कॉम्प्युटर,
तापला की सुक्या बांगड्याचा वास मारणारा.
रोज सकाळी कोपऱ्यात एक चौकट उघडायची:
नवी आवृत्ती आली आहे. आता घेऊ? की नंतर?
मी डावीकडचं दाबायचो. नंतर.
चौकट गुपचूप मिटायची,
जेवायला थांबा न म्हटलेल्या पाहुण्यासारखी.

कारणं होती. खोटी नव्हती.
डिझेल परताव्याचा फॉर्म जुन्यातच नीट उघडायचा,
नव्यात 'सादर करा' पानाखाली बुडायचं.
नेट दुपारपर्यंत ओहोटीला.
आणि दारात होड्यांचे मालक,
कुणाचा लायसन नंबर चुकलेला,
कुणाची बायको लिलावात पाटी धरून थांबलेली.
अशात कोण म्हणेल, बसा जरा, मी खिडकी बदलून घेतो?

एकदा त्यानेच विचारलं होतं,
पासवर्ड लक्षात ठेवू का?
ठेव बाबा, म्हटलं. माझ्या राहत नाही.
त्याच्या राहिला.

मंगळवारी मी काहीच केलं नाही.
हे ओरोसला सायबरच्या बाईंना तीनदा सांगितलं.
कसली फाईल घेतली नाही,
बक्षिसाच्या लिंकवर बोट नेलं नाही.
फक्त भरतीची वेळ बघायला
नेहमीचं निळ्या पट्टीचं पान उघडलं.
बाजूला आंब्याच्या पेट्यांची जाहिरात होती.
तिच्यातून आत आलं म्हणे कोणीतरी.
दार वाजलं नाही.
बुधवारी खात्यात
चार लाख साठ हजारांच्या जागी
दोनशे बारा रुपये.

कणकवलीहून ऑल्विन डिसोजा आला,
चहा निवेपर्यंत बघत राहिला, मग म्हणाला,
काका, या भोकाला दोन वर्षांपूर्वीच ठिगळ आलेलं.
आणि ठिगळ आलं ना,
की अख्ख्या जगाला कळतं भोक कुठे होतं.
ज्यांनी लावलं ते सुटले.
उरलेल्यांचा नकाशाच छापून होतो.

म्हणजे मी नंतर म्हणत होतो
तेव्हा कोणीतरी तो नकाशा घेऊन
बंदरामागून बंदर चाचपत होतं,
देवगड कुठे आहे हे माहीत नसताना.

मीटिंगला कोणी ओरडलं नाही. ते जास्त लागलं.
मनोरमा तांडेल उठली. तिचे एकटीचे एकतीस हजार.
पदराने चष्मा पुसला.
"होडयेचा पण तसाच मां. कुसता ता पाण्याखाल्ला.
वरसून रंग बरोच दिसता."
मग माझ्याकडे बघून,
"दर वर्सा वर ओढतंव, फटीत कापूस ठोकतंव, राळ भरतंव.
तेवा कोण म्हणता, मागीर?"
मागून गंगाराम बोलला,
"मिया म्हटलंय. दोनदा."
चारपाच जण हसले.
त्याची होडी सगळ्यांना आठवली,
जेटीलाच बुडालेली, वारा नसताना,
बांधल्या दोरासकट.

आता नवी आवृत्ती आहे.
बटण खरंच बुडतं; चार वेळा खाली सरकलं
की हाताला लागतं.
पासवर्ड वहीत, वही कपाटात,
किल्ली मनोरमाकडे.
परताव्याची फाईल ओरोसलाच आहे अजून.

आज सकाळी चौकट पुन्हा उघडली.
आता घेऊ? की नंतर?
दारात सात माणसं होती.
बोट आधी डावीकडे गेलं.