पोच

अकरा वर्षं माझ्या टेबलावरून
तालुक्याची गाऱ्हाणी गेली.
पाणंद अडवली, हातपंप मोडला,
घरकुलाचा तिसरा हप्ता कुठं अडला.
मी शिक्का मारला, नंबर टाकला, पोच दिली.
कुणी विचारलं, बाई, काम होईल का?
तर म्हणायचे, आवक झालंय. पुढचं पुढं.

माझ्या कपाच्या तळाला व्हाइटनरचा ठिपका होता.
रुजू झाले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी लावलेला.
दहा वर्षं मला वाटलं, टवका उडालाय, बुजवलाय.
याची मला अजून लाज वाटते.

मग एकदा नव्या ग्रामसेवक पोरानं
चुकून त्या कपात चहा घेतला
आणि कोपऱ्यातून देशमाने ओरडले,
"आरं, तो कामून घेतलास, तो पाईकरावबाईचा हाय."
एवढंच.
पंखा फिरत राहिला.
पोरानं कप खाली ठेवला
आणि हात पँटला पुसला.

तेव्हापासून मला मागचं वाचता येऊ लागलं.
गोपनीय अहवालात दर साली 'साधारण'.
चौदा एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी रजा मागितली की
दर साली 'कार्यालयीन निकड'.
आस्थापनेचं टेबल तीनदा रिकामं झालं,
तिन्ही वेळा माझ्या मागून लागलेल्यांना गेलं.
कुलरची हवा माझ्या खुर्चीच्या अलीकडंच वळते,
पण तो निर्जीव आहे, त्याच्यावर माझी तक्रार नाही.

लिहायला बसले तर कळलं,
दुसऱ्यांचे इतके अर्ज वाचून
आपला लिहिता येत नाही.
'मी फार दुखावले' लिहिलं. खोडलं.
मकबूलमामा, आमचे रिटायर नाईक,
पेन्शनच्या कागदासाठी येलदरीहून आले होते.
म्हणाले, "रोना मत लिख बेटी, तारीख लिख.
कोन व्हता, काय बोल्ला, किती वाजले व्हते.
आन् पोच घेतल्याबिगर कागद सोडू नको.
पस्तीस वर्सं सायबांची डाक वाह्यली म्या.
बिनपोचेचा कागद म्हंजे
वाऱ्यावरची पत्रावळ."

तारखा काढल्या. हजेरीपटावरून,
चहाच्या उधारीच्या वहीवरून.
साक्षीला तो पोरगा आधी नाही म्हणाला,
त्याची नोकरी अजून कच्ची.
रात्री साडेदहाला त्याचा फोन आला,
"ताई, मी हात पुसला ते पण लिहा."

अर्ज योग्य मार्गानं जायला हवा.
योग्य मार्ग साहेबांच्या टेबलावरून जातो.
'साधारण' साहेबांनीच लिहिलेलं.
'मार्फत' या एका शब्दापाशी
मी रात्रभर बसून होते.
पहाटे कोपऱ्यात लिहिलं, आगाऊ प्रत
मुख्य कार्यकारी अधिकारी, हिंगोली.
एक प्रत आयोगाला.
रजिस्टर्ड पोस्टाच्या दोन्ही पावत्या
रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवल्या.
खाली सहपत्रांची यादी. शेवटी,
कप, एक नग.

सोमवारी अकराशे शेहेचाळीस,
कोंडवाड्यातून म्हैस सोडण्याबाबत.
अकराशे सत्तेचाळीस, मी.
शिक्का माझ्याच हातात होता.
पहिल्यांदा तारीख पुसट उठली,
पुन्हा मारला.
देणारी मी, घेणारी मी.
एरवी पोचेवर नुसतं सु. पा. करते,
त्या दिवशी सुकेशनी पाईकराव लिहिलं, वेलांट्यांसकट.
अकराशे अठ्ठेचाळीस घेऊन एक म्हातारा
केव्हाचा खिडकीशी उभा होता.

साहेबांनी डाकेचं पॅड उघडलं,
सवयीनं कागद उलटले, थांबले.
"हे काय आहे?"
"आवक आहे, साहेब."

देशमाने कुणाला तरी सांगत होते,
या बाईला काही पोचच नाही.

चार वाजता चहा आला.
सगळ्यांपुढं ठेवून झाल्यावर
हॉटेलचा पोरगा किटली धरून माझ्यासमोर उभा राहिला.
कपाटात बघितलं, खिडकीत बघितलं.
माझा कप साहेबांच्या टेबलावर होता,
लाखेनं बंद केलेल्या पाकिटात.
"बाई," तो म्हणाला, "कशात ओतू?"