मर्यादेत

ऐरोलीच्या खाडीवर, पक्ष्यांच्या केंद्रात,
खिडकीतल्या पोरानं विचारलं, एकटेच?
आणि मला एका शाळेच्या सहलीत ढकललं,
बोटीत एक जागा उरली होती म्हणून.
केशरी जॅकेटचा पट्टा पोटावर बसेना.
सातवीतल्या एका मुलीनं ओढून बसवला:
काका, श्वास आत घ्या.

मढवीबाई नाळेशी उभ्या. दिवागावच्या.
लहानपणी याच चिखलात आईमागे खुबे वेचायच्या,
आता खुब्यांवर व्याख्यान देतात.
"तिवराची मुलं बगा. खाली नाय जात, वर येतान.
श्वास घ्याला."
ती मघाची मुलगी माझ्या पट्ट्याकडे बघून हसली.

वळणावर वाटलं, कुणी धुणं विसरलंय चिखलात.
मग धुण्याला पाय फुटले.
अख्खी सहल गप्प.

हे गुलाबी कशानं, बाईंनी विचारलं.
कुणी म्हणालं ऊन. कुणी म्हणालं, जन्मतःच.
"जन्मताना राखाडी असतात.
पाण्यातलं जे पोटात जातं, ते अंगावर चढतं."

एकतीस वर्षं. रबाळ्याला, रंगाच्या कारखान्यात,
प्रयोगशाळेतलं तिसरं टेबल माझं.
सांडपाण्याची बाटली दहाला यायची,
गळ्यात दोरा, दोऱ्याला तारीख.
पीएच सात पॉइंट दोन. शेरा: मर्यादेत.
कधी बाटली यायचीच नाही.
शेरा: मर्यादेत.

आणि मोठी बॅच सुटली की
नाला गेटापासून पुलापर्यंत गुलाबी,
इतका, की खोटं कशाला बोलू,
यांच्याहून देखणा.
शिफ्ट सुटताना आम्ही कठड्याला टेकून बघायचो.
कुळसंगे म्हणायचा, आली रे होळी.
नाला पुढे कुठे जातो, ठाऊक होतं.
ठाऊक असणं आणि लिहिणं
यांची टेबलं वेगळी होती.

"आमचा बाबा जालं टाकायचा ना," बाई मुलांना सांगत होत्या,
"तं कदी कदी जालं रंगूनच वर यायचं.
आय म्हनायची, फुकाटचा रंग!"
मुलं हसली. बाईही हसल्या.
मी हसलो की नाही, आठवत नाही.

काका, तुम्ही काय काम करायचात?
पाणी तपासायचो.
म्हणजे चांगलं काम, ती म्हणाली,
आणि दुर्बीण माझ्या हातात दिली.
काचेत पाणी आलं. माझंच असावं.
एक पक्षी मान उलटी घालून
चिखल गाळत होता, घोटाघोटानं,
कसलीही घाई नसल्यासारखा.

निघताना दाराशी अभिप्रायाची वही.
नाव, गाव, शेवटचा रकाना: शेरा.
वरच्या ओळीत कुणीतरी लिहिलेलं, खूप छान.
पेन दोऱ्यानं बांधलेलं.
हात सवयीनं 'म' काढून गेला.
तो खोडला.
मग तारीख घातली. भरती, सकाळी दहा.
रंग: राखाडी.
वास: आहे.